जुनी डिस्क कोणती?

"थांब, बटण दाबू नकोस!" मी ओरडले, तसा सुहृदचा माऊसवरचा हात थबकला.

जोडलेल्या दोन्ही डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं स्क्रीनवर आलं होतं. दोन नव्या डिस्कवर सगळं एकसारखं साठवायचं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर आमच्या लेकीचे, शर्वीचे व्हिडिओ राहतील, हा हट्ट माझाच. तिचं पहिलं खळखळून हसणं फक्त जुन्या डिस्कवर होतं, आणि कॉम्प्युटरची धूळ पुसायला काढलेल्या तिन्ही डिस्क दिसायला सारख्याच.

"आत नव्याच लावल्यास ना?"

"बहुतेक."

"बहुतेक?"

"मग काय, पंचांग बघू?"

पदराला हात पुसत सासूबाई आल्या. "जुनीला मी दसऱ्याला कुंकू लावलं होतं. ह्याने कुरकुरत पुसलं, पण स्क्रूच्या खाचेत राहिलं असेल बघ."

बाहेर ठेवलेली डिस्क मी उजेडात धरली. खाचा स्वच्छ होत्या. सुहृदने आतली एक सोडवली. तिच्या कोपऱ्यातल्या स्क्रूत लाल ठिपका होता!

संध्याकाळपर्यंत सगळं नव्या जोडीवर उतरलं. माझी खात्री व्हावी म्हणून सुहृदने त्यातली एक काढून उरलेल्या एकीवरून व्हिडिओ लावला. शर्वीचं हसणं घरभर खळखळलं, आणि मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

सासूबाई करंडा घेऊन उभ्याच होत्या.

"आई, नव्यांना नको हं," सुहृद कळवळला.

मी काढलेली डिस्क त्यांच्यापुढे धरली. "आई, स्क्रूवर जरा जास्तच लावा."