डाकारहून आलेली दुरुस्ती

"पान सात," डाकारहून प्राध्यापक आवा सार फोनवर म्हणाल्या, "त्यावरचे एक वाक्य मला कळले नाही."

सिहोऱ्याच्या घरात धानाच्या पोत्यांशेजारी मांडलेल्या टेबलावर रुपाने आपल्या लेखाचे पान सात उघडले. वाक्य तिचेच होते. 'सेनेगलचे लोक गरिबीमुळे तांदळाची कणी खातात; त्यामुळे भारताने कणीची निर्यात थांबवली, तरी अनुदान मिळताच ते अख्ख्या तांदळाकडे वळतील.' पुढची अकरा पाने त्या वाक्यावर उभी होती.

"आमच्याकडे लग्नातसुद्धा कणीच शिजते," सार हसून म्हणाल्या. "अख्खा दाणा रस्सा पीत नाही. पाहुण्याला तो वाढला, तर माझी आई आठवडाभर बोलणार नाही. गरिबीचा पुरावा तुम्हाला कुठे मिळाला?"

छापण्याआधी लेख त्या देशातल्या कुणाला तरी वाचायला द्यायचा, हा रुपाचा स्वतःचा नियम होता. तो कोणत्याही संस्थेने घातला नव्हता, कारण ती कोणत्याही संस्थेत नव्हती. तिने सगळी टिपणे चाळली. बंदरांवरचे आकडे होते, संसदेतली भाषणे होती. गरिबीचा संदर्भ कुठेच नव्हता.

सार यांचे आभार मानून तिने दिल्लीला संपादकांना फोन लावला. त्रैमासिकाचा अंक पाच वाजता छपाईला जाणार होता. पहिला लेख तिचा होता, आणि पहिला लेख ज्याचा, त्याला तीन महिने त्या देशात पाठवण्याची त्यांची रीत होती.

"सर, लेख थांबवा. निष्कर्ष चुकला आहे."

"अहो, निष्कर्षच तर सगळ्यांना आवडला! बंदीने मैत्रीला धक्का लागणार नाही, हे इथे प्रत्येक जण मानून चालतो."

"मीही मानूनच चालले होते, सर."

संपादक म्हणाले, "पहिली जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. तीन महिन्यांचा प्रवासही त्यालाच."

"द्या," रुपा म्हणाली. तिने फोन ठेवला.

तिची आई चंद्रभागाबाई दारातून ऐकत होत्या. "येडी झाली का पोरी? बाया मले रोज पुसतेत, तुमची आफ्रिकावाली कवा जाऊन रायली? आता काय सांगू त्यायले?"

"थांबली म्हन, आई."

तिचे वडील सेवकराम पोत्यांची तोंडे शिवत होते. रुपा त्यांच्याकडे वळली. "बाबा, आपल्या इथं कणी कोन खाते?"

"कोंबड्या. नाहीतर ज्याच्या घरचा धान सरला तो. हे काय पुसनं झालं? लहानपनापासून पाहून रायली तू."

रुपाने नव्या लेखासाठी कोरे पान घेतले. पहिली ओळ लिहिली: 'लेखिकेच्या गावी कणी कोंबड्यांना घालतात.' खाली संदर्भ दिला: 'सेवकराम, शेतकरी, सिहोरा.'

सेवकरामांनी वाकून पाहिले. स्वतःचे नाव त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचले.

"माह्यं नाव कायले टाकलं ओ? मी कुठं गेलो आफ्रिकेले?"

"मी तरी कुठं गेली, बाबा?" रुपा म्हणाली, आणि दुसरी ओळ लिहू लागली.