दुहेरी भिंत

"काका, बूस्टर लावून उपयोग नाही. भिंत लई जाड आहे, पलीकडं स्पीड निम्मा होणार," वायफाय बसवायला आलेला सनी म्हणाला.

"दुहेरी इटांची हाय. वाटणी झाली तवा आमीच बांधली," लक्ष्मणराव म्हणाले. "पल्याडचा आवाजसुदिक नको हुता."

पलीकडं त्यांचा धाकटा भाऊ खंडू राहायचा. वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. पण खंडूची मिनल आता हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करत होती. सकाळी तीच दारात येऊन म्हणाली, "मोठे पप्पा, आमची लाइन यायला महिना लागेल. तोवर तुमचं नेट मिळेल?" पुतणीला नाही म्हणणं काही त्यांना जमलं नाही.

"मग भोक पाडून वायरच टाकू," सनी म्हणाला. "स्पीड जरासुद्धा कमी होणार नाही."

ड्रिल आरपार गेलं. सनीनं वायर आत सरकवली. लक्ष्मणराव भोकापाशी वाकून ओरडले, "मिनल, वढ गं!"

वायर हळूहळू पलीकडं जाऊ लागली.

"आजून सोडू का, पोरी?"

पलीकडून घोगरा आवाज आला, "सोड, दादा. म्या धरलीय."