एक काळी पुंगळी

"साफ होईल का रे ही?" व्हर्नाने रुमालाची गाठ सोडली आणि पुंगळी ऑरिनच्या बाकावर ठेवली.

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. पितळ म्हणवत नव्हतं, इतकी काळीकुट्ट. ऑरिनने चष्मा कपाळावरून खाली ओढला, पण पुंगळीला हात लावला नाही.

"कुठे मिळाली?"

"वर कड्यावर. लायल पडला होता ना, त्याच्या समोर. शेवाळात रुतली होती."

"जळक्या पाईनपाशी?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "तिथेच."

लायल तिचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी, एल्कच्या शिकारीचा मोसम उघडला त्याच सकाळी, शिकाऱ्यांना दुरून दिसावं म्हणून घालतात ते नारंगी जाकीट अंगात असतानाही कुणाची तरी गोळी त्याच्या छातीत शिरली. झाडणारा पुढे आला नाही. शेरीफच्या माणसांनी रान पिंजून काढलं, हाती काही लागलं नाही. शिक्षेचं काय ते शेरीफ बघेल, व्हर्नाला फक्त नाव हवं होतं. त्या एका नावासाठी ती जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

मोंटानातल्या या खोऱ्यात दुकानातून काडतुसं आणणाऱ्याला उधळ्या म्हणतात. झाडलेल्या पुंगळ्या वेचायच्या, घासायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या, ही इथली रीत. रविवारी चर्च सुटलं की मंडळी जुन्या खडीच्या खाणीत नेम लावायला जमतात. तिथे सगळ्यांच्या पुंगळ्या एकमेकांत मिसळतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या पुंगळीच्या बुडाला कानशीने खूण करून ठेवलेली असते. ऑरिनच्या दोन खाचा, समोरासमोर. एमेट प्रुइटची एकच, तिरपी. या काळ्या पुंगळीच्या मापाची काडतुसं भरणारे खोऱ्यात पाचच जण, आणि त्यातला एमेट गेल्या हिवाळ्यात वारला.

"शेरीफकडे का नाही नेलीस?"

"शेरीफच्या बापाच्याने तरी निघेल का ही काजळी? आणि खुणा तुला सगळ्यांच्या पाठ."

"चढवू नकोस मला हरभऱ्याच्या झाडावर."

"तुझी कॉफी पिऊन जिवंत राहिले, ऑरिन. आता मला काहीही जमतं."

तो हसला. मग त्याने पुंगळी चिमटीत धरून टंबलरच्या, म्हणजे पुंगळ्या घासायच्या यंत्राच्या, लहान पिंपात टाकली. वर पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मूठभर बारीक पोलादी टाचण्या. "एकटीच घालतो," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्यात मिसळायला नको." झाकण आवळून त्याने कळ दाबली आणि पिंप खळखळत फिरू लागलं.

शेजारी पंचावर एमेटच्या पुंगळ्या धुऊन वाळत होत्या. नवऱ्यामागे त्याच्या बायकोने अख्खी बादली ऑरिनला देऊन टाकली होती.

तासभर दोघं गॅरेजात बसून राहिली. व्हर्नाने दालचिनीचे रोल आणले होते. ऑरिनने एक उचलला आणि अर्धा खाऊन खाली ठेवला.

"गोड जास्त झाला का?"

"नाही गं. सकाळीच भरपेट खाल्लंय."

माणूस तसा मदतीला धावणारा. लायलच्या शवपेटीला खांदा त्यानेच दिला होता. तेव्हापासून दर हिवाळ्याआधी व्हर्नाची लाकडं तोच फोडून रचून द्यायचा, एक डॉलर न घेता. तीही त्याला दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला हक्काने जेवायला बोलवायची.

"नाव कळलं तर काय करशील?" त्याने विचारलं.

"एकच विचारीन. लायल लगेच गेला, की हाका मारत होता."

ऑरिन पिंपाकडे बघत राहिला. "लगेचच गेला असेल," तो म्हणाला.

पिंप थांबलं. ऑरिनने बाकाकडे वळून सगळं चाळणीत ओतलं. पाणी काळंभोर निघालं.

"जरा दिवा लाव गं. बटण दाराजवळ आहे."

व्हर्ना उठली, दाराशी गेली, बटण दाबून परत आली. ऑरिन एक पुंगळी फडक्याने पुसत होता. ती सोन्यासारखी लखलखत होती. त्याने ती उजेडात धरली, बुडाकडून फिरवली आणि त्याचा चेहरा पडला.

"काय आहे?" तिने पुढे वाकून विचारलं. "बोल ना!"

"एक खाच. तिरपी." त्याने पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली. "एमेट गं. आपला एमेट. सांगायचं धाडस झालं नसेल बिचाऱ्याला. आता कुणाला विचारणार तू? सोडून दे, व्हर्ना. देवाच्या दारी गेला तो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

व्हर्नाने नखाने ती तिरपी खाच चाचपली. एकदा, दोनदा.

"मी दिलेलीच ना ही?"

"म्हणजे काय? तुझ्यासमोर टाकली, तुझ्यासमोर काढली. लायलची शपथ."

व्हर्नाने पुंगळी बाकावर ठेवली. तिला आधार द्यायला तो पुढे सरसावला, तसा तिने त्याचा हात झटकला.

"रानात मला काहीच सापडलं नव्हतं, ऑरिन," ती म्हणाली. "तुम्हा चौघांच्या अंगणातून एकेक पुंगळी उचलली, चुलीत काळी केली आणि कड्यावर मिळाली असं सांगून ज्याची त्याला साफ करायला दिली. बाकीच्या तिघांनी पिंपातून काढल्या काढल्या म्हटलं, 'अगं व्हर्ना, ही तर माझीच!'"