सापीण

वादळच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ग्लँडर्सचा रोग नाही, म्हणजे दुबईच्या स्पर्धेची वाट मोकळी. आता ते रक्त याच घोड्याचं, हे तिकडच्यांना पटायला हवं. म्हणून डॉक्टर हिंगणा गावातल्या तबेल्यात बसून वादळच्या अंगावरचा केसांचा एकेक भोवरा त्याच्या पासपोर्टातल्या चित्रावर उतरवत होते.

“एक जरी सुटला, तरी तिकडच्या विमानतळावरून घोडा परत. मानेवर काही?”

हा प्रश्न वादळची निगा राखणाऱ्या धोंडबा सईसाला होता. सहा वर्षं तो वादळची आयाळ डावीकडेच विंचरत आला होता, कारण तिच्याखाली सापीण नावाचा भोवरा होता. तसल्या भोवऱ्याचा घोडा मालकालाही खातो आणि खरारा करणाऱ्यालाही, असं जुने लोक सांगतात.

मालकीण मायाताई समोरच उभी होती. धोंडबानं तिच्याकडं न बघता आयाळ उचलली.

“माफ करा ताई. तुमी वादळले विकून टाकसान, म्हणून लपवलं.”

डॉक्टरांनी चित्रातल्या मानेवर एक वेटोळं काढलं.

“काका, तुमच्या सुट्टीच्या दिवशी आयाळ डावीकडं कोण विंचरत होतं?” मायाताई म्हणाली. “मले वाटे, सापीण दिसली तं तुमी काम सोडून जासान.”