आईची डिस्क

'हार्ड डिस्क सापडत नाही,' सेकंडहँड लॅपटॉपच्या स्क्रीनवर पुन्हा तेच आलं. त्या डिस्कमध्ये ऋजुताची आई होती. आता सगळ्यांचंच घेतात, तसं मरण्याआधी तिचं मन उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून ती लॅपटॉपमधून रोज गप्पा मारायची. प्रत मात्र एकच.

मामाने डिस्क बाहेर काढली. "ऋजू, हे लाल काय गं?"

"कुंकू! दसऱ्याला सगळे यंत्रांची पूजा करतात, मी मागचं झाकण उघडून थेट आईचीच केली."

"ओलं लावलंस? अगं वेडे, आत झिरपून सगळं जळलंय. आता ती परत येत नाही."

"पण आईच म्हणाली, ओलं लाव. अजून लाव, अजून लाव, असं हसत हसत..." ऋजुता मध्येच थांबली. "मामा, आई तर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची ना?"