स्टीलची फ्रेम

रविंद्रचं वजन एकशे बारा किलो. त्याच्या सायकलची अल्युमिनियमची फ्रेम भर चौकात मोडली, तेव्हा सगळं गाव हसलं. हसला नाही तो एकटा धम्मानंद. शाळेपासूनच्या या दोस्तानं रविंद्रच्या जाडीवरून आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"काहून मनाला लावून घेऊन राहिला?" तो म्हणाला. "आता स्टीलची घे. सायकल जरा जड लागंल, पण स्वस्त हाय अन् तुला बराबर सोसंल. हिंगोलीच्या दुकानदाराला मी फोन करून ठेवतो."

तेवढ्या भरवशावर रविंद्र हिंगोलीला गेला. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची ती स्टीलची सायकल मनातल्या मनात तो आठ दिवसांपासून चालवत होता.

"रविंद्र नावानं कायबी बुक न्हाई, भाऊ," दुकानदार वही चाळत म्हणाला.

"धम्मानंदनं सांगून ठेवलंय. स्टीलच्या फ्रेमची."

दुकानदाराचा चेहरा खुलला. "मंग असं सांगा ना!" म्हणत त्यानं आत मिस्त्रीला मोठ्यानं हाक मारली,



"अरे, ते 'दोन पोते हळद' आले बघ, त्यांची सायकल काढ!"