बाबांचे शेवटचे शब्द

दर पितृपक्षात बाबांचं पान वाढताना थोरला भाऊ घनश्याम मला सांगायचा, "मरतानी बाबा म्हणाले, तलावाखालची बांधी घनश्यामले देजा. तू उशाशीच बसला होता, तुलाराम."

त्याच शेतातल्या धानावर आमची विधवा बहीण पुष्पा जगत होती. एक्क्याऐंशी साली वाद मोहाडीच्या कचेरीत गेला. मी शपथेवर साक्ष दिली. बाबांना लागलेली धाप, त्यांचे शब्द, सगळं जसंच्या तसं सांगितलं. बांधी घनश्यामची झाली.

बाहेर पायरीवर पुष्पा हळूच म्हणाली, "बाबा गेले तवा तू करडी गावाले होता. सांगावा घेऊन मीच तं आली होती तुह्याकडे."

मी डोळे मिटले. बाबा अजूनही तेच बोलत होते.

आवाज मात्र घनश्यामचा होता.